शिवणाऱ्या हाताचे नाव

ध्वजाकडे पाहावयाचे म्हणजे मान वर करावी लागते. कापड उंचावर असते, वाऱ्यावर हलत असते, आणि त्याच्या कडेची दुहेरी शिवण खालून दिसत नाही. रंग दिसतात, चिन्ह दिसते, दोरी ओढणारा पाहुणा दिसतो. ज्या टाक्यांमुळे ते कापड पहिल्याच वाऱ्यात फाटून जात नाही ते टाके मात्र, तो उतरवून घडी घालावयाची वेळ आली म्हणजेच काय ते नजरेस पडतात. हे इतके स्वाभाविक आहे की त्यात काही नैतिक प्रश्न असेल असे आम्हांस परवापर्यंत वाटले नव्हते.

आम्ही राहतो ते चरोदा मुंबई-हावडा लोहमार्गावर, दुर्ग आणि रायपूर यांच्या दरम्यान आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या निमित्ताने येथे मालगाड्यांचे विस्तीर्ण यार्ड झाले, आणि त्या यार्डाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे, बीएमवाय, हेच पुष्कळांच्या तोंडी गावाचे नाव होऊन बसले. येथे निशाणे आमच्या डोळ्यांपुढे नित्याचीच. गाडीच्या शेवटच्या डब्यातून गार्डसाहेब हिरवे निशाण दाखवितात (त्यांचे पदनाम २०२२ पासून ट्रेन मॅनेजर असे झाले आहे), तांबडे निशाण दिसले की इंजिन थांबते. हातभर कापडाच्या तुकड्यावर हजारो टनांचा भार विसंबून असतो. ते तुकडे कोणी शिवले हे, एवढी वर्षे ते पाहत असूनही, आमच्या मनात कधी आले नाही.

मनात आले ते एका अहवालामुळे. येथल्या मराठी मंडळींचा गणेशोत्सव असतो. परमुलखात राहणाऱ्या माणसांचा असतो तसाच तो आहे: घरच्या गणपतीपेक्षा थोडा अधिक दणक्याचा, कारण त्यात घराची आठवणही सामावलेली असते. गतवर्षी मिरवणुकीसाठी एक मोठा भगवा ध्वज आणि चाळीस पताका करावयाचे ठरले. कापड एका सद्गृहस्थांनी दिले. शिवणकाम बाजारात यंत्र घेऊन बसणाऱ्या एका बाईंकडे सोपविले. ध्वज उत्तम झाला. कडेला दुमड घालून तिहेरी शिवण, काठी जावयाच्या नळीला आतून जाड कापडाची पट्टी. तीन तास पावसात भिजूनही त्याचा एक टाका उसवला नाही. वर्षअखेर अहवाल लिहिण्याचे काम कारकून या नात्याने आमच्याकडे आले. आम्ही कापड देणाऱ्या गृहस्थांचे आभार मानले, ध्वजपूजन करणाऱ्या पाहुण्यांचे मानले, ट्रॅक्टर फुकट देणाऱ्याचेही मानले. अहवाल छापून घरी आला. आमच्या सौभाग्यवतींनी तो वाचला आणि एवढेच विचारले, “आणि शिवला कोणी?”

आम्ही म्हणालो, “ती बाजारातली सिलाईवाली.”

“तिला नाव असेल की!”

नाव असणारच. ते आम्हांस ठाऊक नव्हते. सहा वर्षे आमच्या मुलांचे शाळेचे कपडे त्या बाईंनी शिवले आहेत. सारा बाजार त्यांना दीदी म्हणतो, आम्हीही तेच म्हणत आलो.

हा प्रसंग क्षुल्लक म्हणून आम्ही सोडूनही दिला असता. पण त्याच आठवड्यात कचेरीत एक गोष्ट घडली होती. केंद्र सरकारच्या कचेरीत कारकुनाचे काम काय असते हे या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. प्रकरण वाचावे, नियम शोधावेत, मागचे दाखले काढावेत, टिपणी लिहावी, मसुदा सिद्ध करावा आणि तो वर पाठवावा. कागदाच्या फायली जाऊन संगणकावरच्या आल्या, तरी क्रम तोच. एका जुन्या, गुंतलेल्या प्रकरणाची टिपणी आम्ही तीन रविवार खर्ची घालून तयार केली होती. ती वर गेली, मंजूर झाली, आणि बैठकीत तिची वाखाणणी झाली ती खाली सही असलेल्या साहेबांच्या नावे. आम्ही मागच्या रांगेत बसलो होतो. त्या दिवशी जेवण गोड लागले नाही. घरी येऊन आम्ही बराच वेळ या अन्यायावर बोललो, आणि दोनच दिवसांनी अहवालाच्या पानावर आमच्याच हातून झालेला तोच अन्याय सौभाग्यवतींनी आम्हांस दाखविला. ज्याचे नाव गळाले त्याला ते टोचते. ज्याने गाळले त्याला ते दिसतही नाही. येथून आमच्या विचारास आरंभ झाला.

केलेल्या कामावर करणाऱ्याच्या नावाचा हक्क असतो काय? आणि असेल, तर तो द्यावयाचा कोणी?

ध्वज शिवणाऱ्या हातांपैकी जगात सर्वांत विख्यात झालेले हात फिलाडेल्फियाच्या बेट्सी रॉस या बाईंचे. अमेरिका इंग्रजांची वसाहत असतानाच्या काळातली ही शिवणकाम करणारी स्त्री. जन्म १७५२ चा, क्वेकर पंथाच्या कुटुंबातला. गाद्या-पडदे शिवण्याचे आणि खुर्च्यांना कापड चढविण्याचे काम ती शिकली, त्याच कामावरच्या जॉन रॉस या पंथाबाहेरच्या तरुणाशी तिने १७७३ मध्ये लग्न केले आणि त्यापायी पंथातून बहिष्कृत झाली. १७७६ च्या जानेवारीत तो वारला. दुसरा पती इंग्रजांच्या कैदेत मरण पावला. तिसऱ्याचे दीर्घ दुखणे तिने काढले. या सर्व काळात तिचे दुकान चालू होते, आणि १८३६ मध्ये ती वारली तेव्हा मुली, नातवंडे व शिवणकाम असा मोठा पसारा तिने मागे ठेवला होता.

अमेरिकेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असलेली कथा मात्र याहून वेगळी आहे. १७७६ मध्ये जनरल वॉशिंग्टन दोन मान्यवरांसह तिच्या दुकानी आले, नव्या राष्ट्राच्या ध्वजाचा आराखडा त्यांनी दाखविला, आणि तिने कागदाची घडी घालून कात्रीच्या एकाच फटक्यात पाच टोकांचा तारा कापून दाखविला, अशी ती कथा. ती प्रथम जाहीरपणे सांगितली तिच्या नातवाने, पेनसिल्व्हेनियाच्या इतिहासमंडळापुढे, १८७० मध्ये. म्हणजे घटनेनंतर सुमारे ९४ वर्षांनी. तिला आधार घरातल्या आठवणींचा. त्या काळचा एकही कागद या भेटीचा उल्लेख करीत नाही, आणि म्हणून इतिहासकार ती मान्य करीत नाहीत.

त्या काळचा जो कागद आहे तो निराळाच आहे. पेनसिल्व्हेनियाच्या नौदल मंडळाने १७७७ च्या मे महिन्यात तिला जहाजांची निशाणे शिवल्याबद्दल १४ पौंड १२ शिलिंग २ पेन्स दिल्याची ती नोंद होय. अमेरिकेच्या काँग्रेसने तारे आणि पट्टे यांच्या ध्वजाचा ठराव केला तो १४ जून १७७७ रोजी. अर्थात ठरावाच्या आधीच ती निशाणे शिवीत होती आणि त्याचे पैसे घेत होती. दंतकथा संशयास्पद, पण बिल निःसंशय! आम्हां हिशोबाच्या माणसांना हे वाचून एक प्रकारचे समाधान वाटते.

याच ध्वजाच्या इतिहासातला दुसरा प्रसंग तर सरकारी नोकरांनी चौकटीत लावून ठेवावा असा आहे. फ्रान्सिस हॉपकिन्सन हे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. नौदलाच्या मंडळावर असताना ध्वजाची आखणी आपण केली असे त्यांचे म्हणणे होते, आणि १७८० मध्ये त्यांनी त्याचा मोबदला म्हणून सरकारी मद्याचे एक लहानसे पिंप मागितले. मागाहून रीतसर बिलही दिले. ते नामंजूर झाले. कारणे दोन: एक, या कामी सल्ला देणारे आपण एकटेच नव्हता, आणि दुसरे, आपण सरकारचे पगारी नोकर होता. वाचकहो, अडीचशे वर्षे होत आली, खंड बदलला, सरकार बदलले, पण शेरा तोच राहिला आहे!

गंमत बाजूस ठेवली तर या शेऱ्यात तथ्य आहे हे मान्य करावे लागते. पगार घेऊन केलेल्या प्रत्येक कामावर प्रत्येकाने नाव घालावयाचे म्हटले, तर एका परिपत्रकाखाली तीस सह्या होतील. शिवाय सही म्हणजे केवळ श्रेय नव्हे. सही करणारा त्या कागदाबद्दल जाब देण्यास बांधलेला असतो. आमच्या टिपणीत चूक निघाली असती तर खुलासा प्रथम साहेबांना विचारला गेला असता. नाव ही नुसती शाल नव्हे, ते ओझेही आहे, ही गोष्ट आम्ही त्या रात्री रागाच्या भरात विसरलो होतो.

या दुसऱ्या बाजूचा सर्वांत मोठा दाखला महाराष्ट्रातच आहे. पुण्यास केसरीवाड्यात एक जुना ध्वज जपून ठेवलेला आहे. वर हिरवा, मध्ये पिवळा, खाली तांबडा असे तीन पट्टे, आणि मधल्या पट्ट्यावर ‘वंदे मातरम्’ ही अक्षरे. १९०७ च्या ऑगस्टात जर्मनीतील स्टुटगार्ट येथे आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषद भरली असता मादाम भिकाजी कामा यांनी जो ध्वज फडकविला त्याचे हे स्मारक. तो गुप्तपणे हिंदुस्थानात आणण्याचे श्रेय इंदुलाल याज्ञिक यांचे. त्याचा आराखडा कोणी सावरकरांचा म्हणतो, कोणी हेमचंद्र दासांचा, कोणी स्वतः मादामचा. श्रेयाचे वाद येथेही आहेत. परंतु लोकांनी त्याला नाव दिले ते एकच: मादाम कामांचा ध्वज.

ते नाव त्यांना का मिळाले? मुंबईच्या एका सधन पारशी कुटुंबात १८६१ मध्ये जन्मलेल्या या बाई. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा त्या रुग्णांच्या सेवेत पडल्या आणि स्वतःही त्या रोगाने ग्रासल्या. पुढे प्रकृतीसाठी म्हणून युरोपात गेल्या आणि राजकारणामुळे तेथेच अडकल्या. स्टुटगार्टला ब्रिटिश प्रतिनिधींचा विरोध असताना त्या उभ्या राहिल्या, हिंदुस्थानच्या दैन्याचे वर्णन केले आणि ध्वज उलगडला. त्या क्षणापासून तो ध्वज आणि त्यांचे नाव ही दोन्ही ब्रिटिश सरकारच्या दप्तरी एकत्र नोंदली गेली. तीन दशकांहून अधिक काळ त्यांना मायदेश दिसला नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये स्थानबद्धता आली. १९३५ मध्ये, देह खचल्यावर, राजकारणात भाग न घेण्याची हमी दिल्यानंतरच त्यांना मुंबईस परतता आले, आणि १३ ऑगस्ट १९३६ रोजी त्या निवर्तल्या. त्या कापडाला लागलेल्या नावाची किंमत त्यांनी आयुष्याने चुकती केली. असे नाव कोणी त्यांच्याकडून काढून घ्यावे असे शिवणारा हातही म्हणणार नाही.

आमच्या या मुलखालाही अशा नावाचा वारसा आहे. दुर्ग जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता आणि त्याचा कारभार नागपूरहून चाले. १९२३ मध्ये सिव्हिल लाइन्सकडे ध्वज घेऊन जाण्यास सरकारने बंदी केली आणि नागपुरात झेंडा सत्याग्रह उभा राहिला. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, विनोबा गेले, पुढे वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली; देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेले शेकडो स्वयंसेवक हाती ध्वज धरून रोज चालत गेले आणि रोज पकडले गेले. ऑगस्टात सत्याग्रह थांबला. पकडलेल्या प्रत्येकाचे नाव तुरुंगाच्या वहीत लिहिले गेले. ध्वजांच्या त्या सगळ्या खेपा कोणी तरी शिवल्याच असणार. पण इतिहासाच्या वहीत रकाना असतो तो ध्वज धरणाऱ्याचा, शिवणाऱ्याचा नसतो.

येथवर आलो तेव्हा आम्हांस वाटले की प्रश्न सुटला. नाव जोखमीमागे जाते. शिवणाऱ्याने जोखीम घेतली नाही, म्हणून नाव नाही. साहेबांनी सही केली, आम्ही नाही. दीदींनी मिरवणूक काढली नाही, आम्ही काढली. पण हे उत्तर मनास पटेना. जोखमीचे नाव हे एक देणे झाले. कष्टाचे देणे त्यात कोठे आले? दोन निरनिराळी ऋणे आम्ही एकाच खात्यात मांडून, एक फेडले म्हणून दुसरेही फिटले असा हिशोब करीत होतो. कोणत्याही लेखापालाने तो हाणून पाडला असता.

दुसरी अडचण पुष्कळ जणांच्या हातांची. आपला राष्ट्रध्वज घ्या. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने तो स्वीकारला. १४ ऑगस्टच्या मध्यरात्री हंसा मेहता यांनी भारतीय स्त्रियांच्या वतीने सभेला ध्वज अर्पण केला. त्याच्या मुळाशी १९२१ मध्ये बेझवाड्यास पिंगळी वेंकय्या यांनी गांधीजींपुढे ठेवलेला आराखडा आहे. चक्रासह त्याचा पहिला नमुना सुरैया तैयबजी यांच्या देखरेखीखाली दिल्लीच्या कनॉट प्लेसमधल्या एका शिंप्याच्या दुकानात शिवला गेला, असे त्यांच्या कन्या लैला तैयबजी यांनी लिहिले आहे. पुढे नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीने आणि हुबळीजवळच्या बेंगेरीच्या खादी संघाने हे काम अंगावर घेतले. कोणी सूत कातते, कोणी विणते, कोणी रंगविते, कोणी चोवीस आऱ्यांचे चक्र छापते, कोणी तीन पट्टे जोडते, आणि कोणी प्रमाणाप्रमाणे लांबी-रुंदी तीनास दोन भरते की नाही ते मोजून पाहते. डिसेंबर २०२१ मधल्या दुरुस्तीने यंत्रावरचे आणि पॉलिएस्टरचे ध्वजही चालू झाले आणि पुढच्याच वर्षी गावोगावच्या बचतगटांतील स्त्रियांनीही ते शिवले. इतक्या हातांची नावे कापडावर कोठे लिहावयाची? आणि लिहिली तर तो ध्वज राहील की हजेरीपट?

तेव्हा अनाम असणे हे स्वतःच अन्यायाचे लक्षण नव्हे. किंबहुना त्यात एक प्रतिष्ठाही आहे. जो ध्वज सर्वांचा आहे त्यावर कोणा एकाचे नाव नसणे हेच शोभते. परंतु अनाम असणे आणि अनाम ठेवले जाणे या दोहोंत अंतर आहे. हात हजार होते म्हणून नाव लिहिले नाही, ही एक गोष्ट. हात एकच होता, समोर होता, आणि कोणी विचारलेच नाही म्हणून लिहिले नाही, ही दुसरी. आमच्या अहवालात जे घडले ते दुसरे होते. ट्रॅक्टरवाल्याच्या नावास जागा होती, मग शिवणारीच्या नावास का नव्हती?

येथे कोणी म्हणेल, आपली शिकवण तर निष्काम कर्माची आहे. मग नावाची ही हाव कशासाठी? शिकवण खरी आहे. पण तिचा एक दंडक आम्ही आता ध्यानी ठेवला आहे: निष्कामतेचा उपदेश माणसाने स्वतःस करावा, दुसऱ्यास करू नये. आम्ही आमच्या टिपणीवरचा हक्क सोडला तर तो त्याग होईल. दीदींचा हक्क आम्ही त्यांच्या वतीने सोडला तर त्याला दुसरे नाव आहे. आपल्या संतांनीही नाव टाकण्याचा आग्रह धरलेला दिसत नाही. नामदेव तर शिंपी. त्यांची पदे पंजाबात जाऊन गुरू ग्रंथसाहेबात समाविष्ट झाली ती त्यांच्या नावासकट. त्यांच्या घरी दळण-कांडण करणाऱ्या जनाबाईने आपल्या अभंगांत स्वतःची नाममुद्रा घातली. सर्वस्व विठ्ठलचरणी वाहणाऱ्या त्या दासीने आपले नाव मात्र पुसले नाही, आणि म्हणूनच सात शतकांनी आपण तिला ओळखतो. अहंकार वेगळा, आणि हे काम माझ्या हातचे आहे असे सांगणे वेगळे.

मग बेट्सी रॉसच्या कथेचे काय करावे? ती खोटी असली तरी तिने अनाम शिवणाऱ्यांना एक चेहरा दिला, हा तिचा उपकार नव्हे काय? काही काळ आम्हांस तसेच वाटले होते. आता वाटते की तो उपकार चुकीच्या पत्त्यावर पोहोचलेल्या मनीऑर्डरीसारखा आहे. फिलाडेल्फियात तेव्हा निशाणे शिवणाऱ्या आणखीही स्त्रिया होत्या. रिबेका यंग होती, मार्गारेट मॅनी होती. एका नावाभोवती कथा जमली आणि बाकीची नावे तिच्या सावलीत गेली. स्वतः बेट्सीचेही त्यात नुकसानच झाले. तीन पतींच्या मागे उभे राहून अनेक दशके दुकान चालविणारी कर्तबगार स्त्री लोपली, आणि थोर पुरुषांपुढे कात्री चालविणारी एक तरुण विधवा तेवढी उरली. जिच्या आयुष्यात सन्मानास पुरेसे सत्य होते तिला आपण असत्य देऊन गौरविले.

आणि केवळ बिल सापडल्यानेही सर्व न्याय होतो असे नाही. याच रिबेका यंगची मुलगी मेरी पिकर्सगिल. १८१३ मध्ये बाल्टिमोर येथील किल्ल्यासाठी तिने ३० फूट रुंद आणि ४२ फूट लांब असा प्रचंड ध्वज शिवला. त्याचे ४०५ डॉलर ९० सेंट तिला मिळाल्याची पावती आहे. या कामी तिची मुलगी आणि भाच्याही राबल्या. त्याच घरात ग्रेस विशर नावाची एक कृष्णवर्णीय मुलगी करारानुसार कामास बांधलेली होती. तिचे नाव आज आपणांस कळते ते पावतीमुळे नव्हे, तर तिला बांधून घेणाऱ्या करारपत्रामुळे. हातामागे आणखी हात असतो, आणि ज्याच्या हाती बिल येते त्याच्याही मागे कोणी तरी बिलावाचून उभे असते. आमच्या साहेबांच्या मागे आम्ही. आमच्या मागे, ती तीन रविवारांची टिपणी लिहिताना जिने मुले सांभाळली आणि चहाचे पेले आणून ठेवले ती. तिचे नाव तरी आम्ही कोठे घेतले होते?

असा विचार करून एका संध्याकाळी आम्ही बाजारात गेलो. दीदी यंत्रावर वाकून एका पडद्याला पट्टी लावीत होत्या. आम्ही बाकावर बसलो, अहवाल पुढे केला, आपली चूक सांगितली आणि पुढच्या अहवालात नाव घालावयाचे आहे, तेव्हा पूर्ण नाव काय, असे विचारले. त्यांनी पाय थांबविला, अहवाल उलटून पाहिला. आमच्याकडे पाहून शांतपणे म्हणाल्या, “नाव पीछे लिखना भैया, सिलाई तो दिलवा दो पहले.”

आम्हांस क्षणभर कळेना. मग उलगडा झाला. शिलाईचे ६५० रुपये त्यांना मिळालेच नव्हते. कापड देणाऱ्या गृहस्थांनी मंडळ देईल असे धरले होते, खजिनदारांनी त्या गृहस्थांनी दिले असे धरले होते, आणि हिशोब लिहिणाऱ्या आम्ही त्या ओळीपुढे काही रक्कम नाही हे पाहूनही, चला, एवढा खर्च वाचला, असे समजून पान उलटले होते. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. पाच महिने त्या बाईंनी एकदाच, तेही सौभाग्यवतींजवळ, अर्धवट विषय काढला होता, आणि गणपतीचे काम म्हणून तो तेथेच सोडला होता. आणि आम्ही, श्रेयाचे तत्त्वज्ञान जुळवीत, नावाची भेट घेऊन गेलो होतो!

त्या रात्री नौदल मंडळाची ती नोंद आम्हांस निराळीच दिसू लागली. १४ पौंड १२ शिलिंग २ पेन्स. ज्यांनी ती लिहिली त्यांनी बेट्सी रॉसवर कविता केली नाही, तिची तसबीर काढली नाही. काम करवून घेतले आणि, लढाई तोंडावर असता, पेन्सापर्यंत मोजून पैसे दिले, आणि कोणास दिले ते लिहून ठेवले. नातवाच्या कथेपेक्षा त्या ओळीत तिचा मान अधिक आहे असे आम्हांस वाटते. माणसाचे देणे फेडावयाचा एक क्रम आहे. प्रथम मजुरी, मग नाव, आणि मग जमल्यास गौरव. समाजाला हा क्रम उलटा करण्याची खोड आहे, कारण गौरवास पैसे लागत नाहीत. पुतळ्याला हार घालावयाचा आणि पुतळा घडविणाऱ्या पाथरवटाचे बिल दुसऱ्या खात्यावर ढकलावयाचे, हे आपण सगळेच कोठे ना कोठे करीत असतो.

दुसऱ्या दिवशी खजिनदारांकडून रक्कम घेऊन आम्ही ती पोहोचती केली. पावतीपुस्तक सोबत नेले होते. दीदींनी नोटा मोजल्या, पावतीवर आपले पूर्ण नाव सावकाश, सुंदर अक्षरात लिहिले, आणि विचारले की पुढच्या खेपेला नळीची पट्टी कॅनव्हासची घालू का, कापडाची ओल धरून ठेवते. आम्ही होय म्हणालो. अहवालात नाव घालण्याबद्दल पुन्हा विचारले तेव्हा त्या हसल्या. वहीत लिहिले तेवढे पुरे, म्हणाल्या, छापावयाचे असेल तर मुलीला विचारून सांगते. त्यांचे उत्तर अद्याप यावयाचे आहे, आणि म्हणून त्यांचे नाव येथे आम्ही देत नाही. ते मंडळाच्या हिशोबवहीत, ६५० रुपयांच्या ओळीपुढे, त्यांच्याच अक्षरात आहे.

कचेरीतली टिपणी अजून साहेबांच्याच नावावर आहे, आणि ती तेथेच राहील. त्याचे आम्हांस आता पूर्वीइतके दुःख होत नाही. पगार वेळच्या वेळी होतो, हे त्याचे एक कारण असेल.